टॅबवर बोट एकीकडे, क्लिक दुसरीकडे: सर्व्हरवरचं टॅली आणि टचस्क्रीनचा पुन्हा पुन्हा येणारा त्रास

सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा कारखाना घ्या, चिंचोळीतलं गोडाऊन घ्या, नाहीतर मार्केट यार्डातला कांद्याचा गाळा घ्या. टॅली किंवा स्टॉकचा जुना प्रोग्रॅम सर्व्हरवर असतो आणि माल मोजणारा माणूस तो टॅबवरून रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे सर्व्हरची स्क्रीन नेटवरून टॅबवर आणून, उघडतो. मग तक्रारी सुरू होतात. पार्सलची नोंद करताना बोट तिसऱ्या ओळीवर ठेवलं की पाचवी ओळ निवडली जाते. बटण लागतच नाही. यादी सरकवायला जावं तर दहा ओळी निळ्या होतात. कुणीतरी टॅब बंद करून चालू करतं, कुणी स्क्रीनगार्ड काढतं, दोन दिवस बरं चालतं आणि पुन्हा तेच.

यातल्या बहुतेक तक्रारींत टॅबच्या काचेचा दोष नसतो. दोष असतो सर्व्हरवर उघड्या राहिलेल्या सेशनचा, म्हणजे लॉगिन केल्यापासून तिथे चालू असलेल्या कामाचा. सकाळी ऑफिसच्या पीसीवर सुरू झालेलं सेशन दुपारी टॅबवर उघडतं आणि ते अजून पीसीचंच माप धरून बसलेलं असतं. टॅब बदलून हे सुटत नाही, म्हणूनच ते परत परत येतं.

आधी दोष कुठे आहे ते पकडा

सेटिंगला हात लावण्याआधी पाच मिनिटं ही तपासणी करा. त्याच सेशनमध्ये पेंट उघडा, फुल स्क्रीन करा आणि बोटाने चारही कोपऱ्यांत आणि मधोमध एकेक ठिपका द्या.

ठिपके बरोबर बोटाखाली पडले, पण टॅलीत किंवा तुमच्या प्रोग्रॅममध्ये मात्र क्लिक सरकतो, तर दोष त्या प्रोग्रॅमच्या स्केलिंगचा, म्हणजे अक्षरं-बटणं किती पट मोठी दाखवायची त्या मापाचा. पेंटमध्येही सरकतो, तर सेशनचा. सेशन बंद करून टॅबच्याच नोट्स अ‍ॅपमध्ये रेघ ओढली आणि तीही तुटक आली, तर मग काच, चार्जर किंवा टॅब.

सरकण्याची तऱ्हाही बघा. डाव्या वरच्या कोपऱ्यात फरक नाही आणि उजवीकडे खाली जाताना वाढत जातो, तर मापांचा मेळ नाही: चित्र एका स्केलने, क्लिकचा हिशोब दुसऱ्या स्केलने. सगळीकडे सारखाच, समजा अर्धा सेंटिमीटर वर, तर टॅबची वरची पट्टी किंवा कॅमेऱ्याची खाच हिशोबात धरलेली नाही. अशा वेळी टॅब एकदा आडवा-उभा फिरवून परत जोडला की बहुतेकदा सुटतं. कधी इकडे, कधी तिकडे असं काही धरबंध नसलेलं दिसलं, तर सॉफ्टवेअरच्या मागे लागू नका. थेट शेवटचा काचेचा भाग वाचा.

मूळ दुखणं: सेशन संपतच नाही

रिमोट डेस्कटॉपची विंडो फुलीवर टॅप करून बंद केली तर सेशन तुटतं, संपत नाही. आत टॅली चालूच राहतं. नुसता प्रोग्रॅम स्ट्रीम होत असेल, म्हणजे रिमोटअ‍ॅप असेल, तर फसवणूक जास्त: प्रोग्रॅम रीतसर बंद केला तरी त्यामागचं सेशन सर्व्हरवर तसंच राहतं. पुढच्या वेळी टॅबवरून लॉगिन केलं की तेच जुनं सेशन पुढे येतं.

विंडोज सर्व्हर 2012 आर2 पासून सर्व्हर समोरच्या उपकरणाचं स्केल विचारून घेतो. पीसी म्हणतो 100 टक्के, टॅब म्हणतो 200. नवे प्रोग्रॅम हा बदल चालता चालता झेलतात. जुने प्रोग्रॅम सुरू होताना एकदाच स्केल वाचतात आणि तेच धरून ठेवतात. त्यामुळे एकाच सेशनमध्ये अर्धं काही 200 ला आणि अर्धं 100 ला अशी खिचडी होते. अक्षरं धुरकट, मेन्यू भलतीकडे उघडणारे, क्लिक सरकलेला.

उपाय असा:

1. आतलं काम सेव्ह करा, टॅलीतून बाहेर पडून ते बंद करा.
2. स्टार्टवर जाऊन साइन आउट करा. नुसतं डिस्कनेक्ट नको.
3. रिमोटअ‍ॅप असेल तर स्टार्ट दिसणारच नाही. अ‍ॅडमिनने सर्व्हरवर टास्क मॅनेजर उघडून युजर्सच्या पानावर त्या नावावर राइट क्लिक करून साइन ऑफ करावं.
4. आता टॅबवरून नव्याने लॉगिन करा आणि पेंटचे ठिपके पुन्हा देऊन बघा.

एवढ्याने आजचं काम चालतं. उद्या परत येऊ नये म्हणून अ‍ॅडमिनने ग्रुप पॉलिसीत (विंडोजच्या नियमांच्या सेटिंगमध्ये) दोन गोष्टी लावाव्यात. रिमोट डेस्कटॉप सेशन होस्टखाली सेशन टाइम लिमिट्स नावाचा भाग आहे. त्यातली रिमोटअ‍ॅप सेशनच्या लॉगऑफची मुदत 'इमिजिएटली' किंवा 1 मिनिट ठेवा; प्रोग्रॅम बंद झाला की सेशनही जाईल. दुसरी, तुटलेल्या सेशनची मुदत. ही कमी ठेवायचा मोह होतो, तो आवरा. मोबाइल डेटा गेला की सेशन तुटलेलंच धरलं जातं. मुदत 5 मिनिटांची ठेवली आणि गोडाऊनमध्ये रेंज गेली तर अर्धवट भरलेलं व्हाउचर गेलं म्हणून समजा. 2 तास ठेवा. दुपारच्या जेवणाची सुट्टीही त्यात बसते.

सगळ्यात स्वच्छ उपाय वेगळाच आहे आणि त्याला आमची पहिली पसंती: टॅबसाठी सर्व्हरवर वेगळा युजर करा. ऑफिसचा आणि गोडाऊनचा लॉगिन एक ठेवूच नका. एका लायसन्सवर काटकसर म्हणून एकच युजर दोघे वापरतात, मग एकाने जोडलं की दुसऱ्याचं तुटतं, आणि तुटून जोडताना स्केल बिघडतं ते वर सांगितलंच.

एकच युजर ठेवणं भागच असेल तर सर्व्हरच्या रजिस्ट्रीत (विंडोजची सेटिंगं साठवणाऱ्या यादीत), टर्मिनल सर्व्हरच्या विनस्टेशन्स या कीखाली, 'इग्नोरक्लायंटडेस्कटॉपस्केलफॅक्टर' नावाचा डीवर्ड, म्हणजे आकडा ठेवणारी नोंद, करून त्याला 1 किंमत द्या. नाव इंग्रजीत सलग लिहायचं, मध्ये जागा नाही. मग सर्व्हर कुणाचंच स्केल विचारत नाही, सगळ्यांना एकच माप. पीसीवाल्याला अक्षरं जरा मोठी वाटतील किंवा टॅबवाल्याला बारीक, पण क्लिक तरी जागेवर बसेल.

बटणं बारीक: रिझोल्यूशनचा हिशोब

बोटाने खात्रीने दाबायला बटण साधारण 7 ते 9 मिलिमीटरचं लागतं. आता 10.5 इंची, 1920 बाय 1200 चा टॅब घ्या. त्यावर एका इंचात सुमारे 216 पिक्सेल. जुन्या प्रोग्रॅममधलं 16 पिक्सेलचं चिन्ह त्यावर जेमतेम 1.9 मिलिमीटरचं दिसतं. ते बोटाने लागत नाही यात बोटाचा काय दोष?

जुना प्रोग्रॅम स्केलिंग नीट मानत नसेल तर स्केलच्या मागे न लागता रिझोल्यूशनच कमी करा. क्लायंटच्या, म्हणजे टॅबवरच्या रिमोट डेस्कटॉप अ‍ॅपच्या, डिस्प्ले सेटिंगमध्ये स्वतःचं रिझोल्यूशन भरता येतं. 1280 बाय 800 केलं की तेच चिन्ह 2.8 मिलिमीटर होतं आणि 30 पिक्सेलचं बटण 5.3 मिलिमीटरचं. सात नाही, पण रोजच्या वापराला पुरतं. 960 बाय 600 ला आणखी मोठं, मात्र बऱ्याच प्रोग्रॅमचे फॉर्म एवढ्या उंचीत मावत नाहीत, खालचं सेव्हचं बटण स्क्रीनबाहेर जातं. तेव्हा 1280 बाय 800 वरच थांबा.

लांबी-रुंदीचं प्रमाण मात्र टॅबचंच ठेवा. 16:10 च्या टॅबवर पीसीसारखं 1366 बाय 768 लावलं तर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात, जागा वाया जाते.

पेंट नीट आणि एकच प्रोग्रॅम बिघडलेला असेल, तर सर्व्हरवर त्याच्या शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीत जा, हाय डीपीआय सेटिंग बदला आणि स्केलिंग 'सिस्टम' कडे द्या. मग विंडोज त्याचं चित्र ताणून मोठं करतं. अक्षर थोडं धुरकट होतं, पण क्लिक जागेवर येतो. 'सिस्टम एन्हान्स्ड' काही प्रोग्रॅममध्ये अक्षरं स्पष्ट देतं आणि काहींत फॉर्मची मांडणी मोडतं, ते करून बघूनच ठरवावं लागतं.

थेट टच की माउस पॉइंटर?

मायक्रोसॉफ्टच्या मोबाइल क्लायंटमध्ये, ज्याचं नाव आता विंडोज अ‍ॅप झालंय, दोन पद्धती आहेत. थेट टचमध्ये बोट जिथे ठेवाल तिथेच क्लिक, दाबून धरलं की राइट क्लिक. माउस पॉइंटरमध्ये स्क्रीनवर बाण असतो, तो लॅपटॉपच्या टचपॅडसारखा सरकवायचा आणि मग कुठेही टॅप करायचं.

टॅली आणि जुन्या स्टॉकच्या प्रोग्रॅमला माउस पॉइंटरच लावा. सुरुवातीला लोकांना ते उलटं वाटतं, नवा माणूस बाणाकडे न बघता बोट सरळ बटणावर नेतो. दोन दिवसांत हात बसतो. फायदा असा की 16 पिक्सेलचं चिन्हही अचूक लागतं आणि बोटाखाली मजकूर झाकला जात नाही. या पद्धतीतल्या हालचाली कागदावर लिहून टॅबच्या कव्हरला चिकटवा:

- एका बोटाने टॅप: क्लिक
- दोन बोटांनी टॅप: राइट क्लिक
- एका बोटाने दोनदा टॅप करून दुसऱ्यांदा दाबून धरायचं आणि ओढायचं: ड्रॅग
- दोन बोटं टेकवून वर-खाली: स्क्रोल
- दोन बोटांची चिमूट: झूम

थेट टचचा उपयोग नव्या प्रोग्रॅममध्ये आणि ब्राउझरमध्ये. जुना प्रोग्रॅम टचचा संदेश ओळखतच नाही, मग विंडोज त्याचा माउस बनवून देतं. त्या भाषांतरात 'बोटाने सरकवणं' कधी स्क्रोल होतं, कधी ओळी निवडणं. माउस नुसता वर नेला की उघडणारे मेन्यूही थेट टचमध्ये उघडत नाहीत, कारण बोट हवेत धरलेलं टॅबला कळत नाही.

ग्वाकामोले (ब्राउझरमध्येच रिमोट डेस्कटॉप दाखवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर डाव्या कडेवरून उजवीकडे बोट सरकवा, मेन्यू येतो. त्यात माउसचं अनुकरण टचस्क्रीन की टचपॅड ते निवडा, नियम तोच.

अँड्रॉइडमध्ये जेस्चर नेव्हिगेशन चालू असेल तर कडेपासून सुरू झालेलं ड्रॅग टॅब स्वतःच गिळतो आणि 'मागे' जातो. टॅबच्या सेटिंगमध्ये खालच्या तीन बटणांचं नेव्हिगेशन लावून टाका.

कीबोर्ड: टॅलीत खरी अडचण इथेच

टॅली बोटापेक्षा कीबोर्डवर जगतं. एफ8 विक्री, एफ9 खरेदी, एफ5 पेमेंट, एफ6 पावती, कंट्रोल-ए ने स्वीकार. टॅबच्या कीबोर्डवर यातलं काहीच नाही. क्लायंटच्या वरच्या पट्टीतून कीबोर्ड उघडला की जादा कीजची ओळ मिळते, ती वापरा. पूर्ण डेस्कटॉप घेत असाल तर विंडोजचा ऑन-स्क्रीन कीबोर्डही चालतो. त्यात एफएन दाबलं की आकड्यांच्या जागी एफ1 ते एफ12 येतात.

"अक्षर दाबलं तरी उमटत नाही" ही तक्रार वेगळी. टॅबचा कीबोर्ड अक्षर दोन तऱ्हेने पाठवू शकतो: खऱ्या कीचा क्रमांक म्हणून किंवा तयार युनिकोड अक्षर म्हणून. कीच्या क्रमांकाची वाट बघणारे जुने प्रोग्रॅम दुसऱ्या तऱ्हेकडे दुर्लक्ष करतात. अँड्रॉइड क्लायंटच्या सेटिंगमध्ये स्कॅनकोड इनपुटचा पर्याय आहे, तो चालू करा आणि पुन्हा जोडा.

जीबोर्ड या अँड्रॉइडच्या कीबोर्डमधलं ऑटो-करेक्ट, शब्द सुचवणं, आपोआप पहिलं अक्षर मोठं करणं आणि दोन स्पेसला पूर्णविराम, हे सगळं बंद करा. सुचवलेला शब्द निवडला की त्यामागे एक स्पेस जाते आणि पार्टीचं नाव यादीत सापडेनासं होतं.

नावं मराठीत टाकायची असतील तर आधी प्रोग्रॅम युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची अक्षरांची पद्धत) समजतो का ते बघा. न समजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पुष्कळ जण मग सर्व्हरचं सिस्टम लोकेल (जुन्या प्रोग्रॅमसाठीची भाषेची सेटिंग) बदलत बसतात. त्याने काही होत नाही: देवनागरीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांचा तक्ता) नाहीच, फक्त युनिकोड आहे.

मध्येच प्रत्येक अक्षराला भलताच शॉर्टकट उघडू लागला, तर अल्ट किंवा कंट्रोल सेशनमध्ये अडकलंय. जादा ओळीतल्या अल्ट, कंट्रोल, शिफ्टवर एकेकदा टॅप करून सोडा.

ब्लूटूथ बारकोड स्कॅनर जोडला की स्क्रीनवरचा कीबोर्ड गायब होतो, कारण टॅब स्कॅनरलाच कीबोर्ड समजतो. फिजिकल कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ऑन-स्क्रीन कीबोर्ड दाखवण्याचा पर्याय चालू करा. स्कॅन करताना मधली अक्षरं गळत असतील तर स्कॅनरच्या पुस्तिकेतला अक्षरांमधला विलंब वाढवणारा बारकोड स्कॅन करा.

डबल टॅप, ड्रॅग, स्क्रोलबार

विंडोज दोन क्लिकना डबल क्लिक मानतं ते 500 मिलिसेकंदांत आणि 4 पिक्सेलच्या आत पडले तरच. ड्रॅगसुद्धा 4 पिक्सेल सरकलं की सुरू. माउसला हे ठीक, बोटाला अशक्य. टॅबच्या युजरच्या रजिस्ट्रीत एवढं बदला:

- कंट्रोल पॅनल, माउस: डबलक्लिकविड्थ आणि डबलक्लिकहाइट 4 वरून 20
- तिथेच डबलक्लिकस्पीड 500 वरून 800
- कंट्रोल पॅनल, डेस्कटॉप: ड्रॅगविड्थ आणि ड्रॅगहाइट 4 वरून 20
- डेस्कटॉपखालच्या विंडोमेट्रिक्समध्ये स्क्रोलविड्थ आणि स्क्रोलहाइट -255 वरून -600

शेवटच्या आकड्याचा हिशोब: हवे तेवढे पिक्सेल गुणिले उणे 15. म्हणजे -255 हा 17 पिक्सेलचा स्क्रोलबार, -600 हा 40 चा. जुन्या प्रोग्रॅमला या जाड स्क्रोलबारने जितका आराम पडतो तितका दुसऱ्या कशाने नाही. बदल साइन आउट करून आत आल्यावरच लागू होतात. आणि हे टॅबच्या वेगळ्या युजरलाच करा, नाहीतर ऑफिसमधला माणूस विचारेल की स्क्रोलबारला काय झालं.

उशिरा लागणारा क्लिक

यात नुकसान होतं म्हणून लक्ष द्या. टॅप केलं, काही हललं नाही, म्हणून पुन्हा टॅप केलं. पहिल्या टॅपने उघडलेल्या खिडकीत दुसरा टॅप नेमका 'येस' वर पडतो आणि नोंद डिलीट होते. पिंग (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन परत येण्याचा वेळ) 150 मिलिसेकंदांच्या वर असेल तर बोटाने डिलीट किंवा कॅन्सल करू नये, ते हक्क टॅबच्या युजरला टॅलीतच देऊ नयेत.

लूम शेडमध्ये लोखंडी यंत्रं आणि पत्र्यांमुळे 5 गिगाहर्ट्झचं वायफाय लवकर मरतं, तिथे टॅब 2.4 वर जोडा. रिमोट डेस्कटॉप टीसीपीशिवाय यूडीपीवरही चालतो आणि डळमळीत नेटवर फरक कळतो: पोर्ट 3389 दोन्ही तऱ्हेने, गेटवेमार्फत (मध्ये बसून आत सोडणाऱ्या सर्व्हरमार्फत) असेल तर टीसीपी 443 आणि यूडीपी 3391. मात्र 3389 राउटरवर थेट इंटरनेटला उघडा ठेवू नका, दिवसरात्र पासवर्ड फोडण्याचे प्रयत्न होतात. गेटवे किंवा व्हीपीएन लावा.

काच, चार्जर, धूळ

आपोआप टॅप होत असतील तर पहिल्यांदा चार्जरची वायर काढा. हलक्या चार्जरमधला विद्युत गोंगाट टचच्या सेन्सरमध्ये शिरतो; वायर काढताच थांबलं तर निदान झालं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 42 च्या पुढे जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. घामाचा थेंब काचेवर पसरला की टॅबला तो बोटच वाटतो. वर कापसाचे तंतू बसतात आणि लोक हाताशी असलेल्या टॉवेलच्या तुकड्याने काच पुसतात, त्याने तंतू आणखी वाढतात. कोरडं मायक्रोफायबर कापड टॅबच्या कव्हरलाच अडकवून ठेवा. जाड टेम्पर्ड काच लावली असेल तर टॅबच्या सेटिंगमध्ये टचची संवेदनशीलता वाढवा.

काउंटरवर विंडोजचा पीसी आणि दोन स्क्रीन असतील, त्यातला एकच टचचा, आणि बोट लावलं की दुसऱ्या स्क्रीनवर क्लिक होत असेल, तर कंट्रोल पॅनलच्या टॅब्लेट पीसी सेटिंगमध्ये सेटअप दाबा. सूचना टचच्या स्क्रीनवर येईपर्यंत एंटर दाबत राहा, आली की तिथे बोट लावा. टच स्क्रीनची यूएसबी वायर निघालेली असेल तर चित्र येतं पण टच अजिबात चालत नाही, तेव्हा तीही बघून घ्या.

ज्याला दिवसाला पन्नास-शंभर व्हाउचर टाकायची आहेत त्याला ब्लूटूथ कीबोर्ड आणि माउस द्या. अँड्रॉइड टॅबला ते लगेच जोडले जातात, आयपॅडला आयपॅडओएस 13.4 पासून माउस चालतो. टच ठेवावा माल बघून स्टॉक तपासायला, डझन मोजून एकेक नोंद करायला.